आईला घेऊन बेळगावला अडीच दिवस: काय पाहावं, काय सोडावं?

कोथरूडची लेक

नमस्कार. आईचं माहेर बेळगावचं, शहापूर. 1972 मध्ये लग्न होऊन ती पुण्याला आली. मामांचं घर विकूनही वीसेक वर्षं झाली, त्यामुळे आता तिकडे हक्काचं दार नाही. आई 76 वर्षांची आहे, गुडघे दुखतात, मानेचाही त्रास आहे. पण परवा अचानक म्हणाली, "माझं सगळं बालपण शहापुरात गेलं आणि किल्ल्यातली कमल बस्ती, ते जैन मंदिर, मी अजून पाहिली नाही." तेव्हाच ठरवलं की दिवाळी झाली की तिला घेऊन जायचं.

आमची गाडी आहे. हातात अडीच दिवस आहेत. मी केलेली यादी अशी: किल्ला, कपिलेश्वर, गोकाकचा धबधबा, सौंदत्ती, कित्तूर, हलशी, जमलं तर येताना आंबोली. हे जास्त होतंय हे मलाही कळतंय, पण काय गाळावं ते कळत नाही. तिथल्या माणसांनी सांगावं.

मलप्रभाकाठ

ताई, मी खानापूर तालुक्यात एकतीस वर्षं इतिहास शिकवला. आता निवृत्त आहे. मुलांच्या सहली नेऊन नेऊन या भागातला प्रत्येक चढ पायाखालचा झालाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गोकाक गाळा. नाव मोठं आहे आणि धबधबा खरोखर मोठा आहे, घटप्रभा जवळजवळ 52 मीटरवरून खाली येते. पण तो जुलै ते सप्टेंबरचा. दिवाळीनंतर पाण्याचा भरवसा नाही, वर हिडकलचं धरणही आहे. मी एकदा एप्रिलमध्ये सातवीच्या पोरांना घेऊन गेलो होतो. सगळा कातळ उघडा पडलेला. एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, धबधबा कुठाय?" तिला काय सांगावं ते मला सुचेना. साठ किलोमीटर जाऊन आईंना कातळ दाखवू नका. आंबोलीही याच कारणाने पावसाळ्यासाठी ठेवा.

आता किल्ला. सकाळी उन्हं चढायच्या आत जा. दारातच दुर्गादेवीचं देऊळ आहे, तिथून गाडी आतवर जाते. आतला बराच भाग लष्कराकडे आहे, म्हणून फोटो विचारून काढा.

कमल बस्ती 1204 ची. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळात त्याचा मंत्री बीचिराज याने बांधली. गाभाऱ्यात नेमिनाथ आहेत, काळ्या दगडाचे. पण आईंनी बघायचंय ते मंडपाचं छत. वरून खाली लोंबणारं दगडी कमळ आहे, त्याच्या 72 पाकळ्यांवर भूत, वर्तमान आणि भविष्य अशा तिन्ही काळांतले चोवीस-चोवीस तीर्थंकर. मान दुखणाऱ्या माणसाला ते धड बघता येत नाही. म्हणून एक करा, घरातला हाताएवढा आरसा पिशवीत टाका. मंडपात चटईवर बसवा आणि आरसा मांडीवर आडवा धरायला द्या. अख्खं कमळ मांडीवर येतं. माझ्या आईला मी असंच दाखवलं होतं. ती बराच वेळ बोटानं आरशावरच्या पाकळ्या मोजत होती.

या बस्तीला दान दिल्याचे दोन शिलालेख होते, ते आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांत बेळगावचं नाव वेणुग्राम असं आहे. हे सांगताना मला अजून हळहळ वाटते. मुलांना फळ्यावर "वेणुग्राम" लिहून दाखवायचो, दगडावर दाखवता आलं नाही.

किल्ल्यातच रामकृष्ण आश्रम आहे. 1892 च्या ऑक्टोबरात विवेकानंद बेळगावात आले, ते आधी रिसालदार गल्लीत भाट्यांच्या घरी आणि मग किल्ल्यात हरिपद मित्र यांच्याकडे राहिले. बाग शांत आहे, आईंना बसायला चांगली. टिळकवाडीत 1924 च्या काँग्रेस अधिवेशनाची जागा आहे. गांधीजी अध्यक्ष झाले ते एवढ्या एकाच अधिवेशनाचे. तेव्हा पाण्यासाठी खणलेली विहीर रस्त्याकडेला आहे, गाडीतूनही दिसते.

दुसरा अख्खा दिवस हलशीला द्या. याबद्दल मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे. बेळगाव, खानापूर, नंदगड आणि मग हलशी, असा रस्ता. हलशी म्हणजे कदंब राजांची पलाशिका. बनवासीची मोठी राजधानी आणि ही दुसरी. पाचव्या शतकातले त्यांचे ताम्रपट इथं सापडलेत. म्हणजे बेळगावच्या किल्ल्याच्या सातशे वर्षं आधी इथं राजाचा दरबार भरत होता, आणि आज त्याच गावात भाताची मळणी चालू असते.

भूवराह नरसिंहाचं देऊळ नंतरचं, बाराव्या शतकातलं, गोव्याच्या कदंबांचं. त्याला दोन गाभारे आहेत, समोरासमोर. एकीकडे भूवराह पृथ्वीला उचलून उभे, दुसरीकडे विष्णू बसलेले, त्यांच्या मागे नरसिंह. मधल्या मंडपात उभं राहिलं की एका देवाकडे तोंड केल्यावर दुसऱ्याकडे पाठ होते, म्हणून आमच्या मुली कडेला उभं राहून दोन्हीकडे हात जोडायच्या. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. शिखर पायऱ्यापायऱ्यांचं आहे, ती कदंबांची ओळख. आवार सपाट आहे, गुडघ्यांना त्रास नाही. सुवर्णेश्वराचं देऊळ पडीक असलं तरी बघा. टेकडीवरचं रामेश्वर आईंसाठी सोडा.

जेवण खानापुरातच करून घ्या किंवा डबा न्या. येताना नंदगडला इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाची समाधी आहे. 1831 मध्ये इंग्रजांनी त्याला तिथं फाशी दिलं.

सौंदत्ती आणि कित्तूर मी गाळलं असतं.

गणपत गल्ली

गुरुजींनी सगळं सांगितलंय, मी खाण्याचं तेवढं सांगतो. काकू शहापूरच्या म्हणजे त्यांना कुंदा काय असतोय ते सांगायला नको. पण पुण्यात मिळतोय तसला वड्या पाडलेला घेऊ नका. मऊ, तपकिरी, थोडा दाणेदार बघून घ्या, दूध आटवून मनापासून परतलेला असतोय तो. आधी चव बघायला मागा, देतात की. मांडे हवे असतील तर घरगुती करणाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा. उलट्या घातलेल्या तापल्या भांड्यावर हाताएवढा पातळ मांडा पसरायचा आणि घडी घालायची, ते बघायला मिळालं तर काकूंना नक्की उभं करा. आलेपाकही घ्या, प्रवासात बरा. आणि गोकाकला गेला नाही तरी तिथलं करदंट, म्हणजे डिंक-सुकामेव्याची मिठाई, इथं मिळतंय.

खानापूर, हलशी भागात मराठीत विचारलात की रस्ता लगेच सांगतात. बसच्या पाट्या मात्र कन्नडात असतात. गाडी असली तर प्रश्नच नाही.

कोथरूडची लेक

गुरुजी, आरशाचं वाचून आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनेच कपाटातून तिचा लग्नातला छोटा आरसा काढून ठेवलाय.

एकच अडचण आहे. कित्तूर तिने हसत सोडलं, पण सौंदत्तीला ती ठाम आहे. तिची आई दरवर्षी तिथल्या यल्लम्मा देवीला जायची, हिला लग्नानंतर एकदाही जमलं नाही. आणि दुसरं, शहापुरात नेमकं काय दाखवू? घर तर राहिलं नाही.

मलप्रभाकाठ

मग सौंदत्ती गाळायची नाही, माझं म्हणणं मी मागे घेतो. आईची आई जिथं जायची तिथं जायचंच. फक्त मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळा, गर्दीत त्यांना उभं राहवणार नाही. पहाटे निघा. बैलहोंगलवरून जा, कारण कित्तूरच्या राणी चन्नम्मांची समाधी बैलहोंगलला आहे. 1824 मध्ये त्यांनी कित्तूरला इंग्रजांचा पहिला हल्ला परतवला. पुढं त्या कैदेत पडल्या आणि 1829 मध्ये बैलहोंगलच्या किल्ल्यातच वारल्या. कित्तूरचा वाडा बघायचा राहिला तरी राणीला नमस्कार होईल. सौंदत्तीहून परतताना मलप्रभेचं नविलुतीर्थ धरण जवळच लागतं, वेळ असला तर थांबा. तीच नदी आमच्या कणकुंबीत उगम पावते.

शहापूरचं सांगतो. 1948 पर्यंत शहापूर सांगली संस्थानात होतं आणि शेजारचं बेळगाव इंग्रजांकडे. आईंच्या वडिलांच्या तोंडी "बेळगावात जाऊन येतो" असं असेल, ते त्यामुळेच. आईंना हे विचारा, मला खात्री आहे त्यांना आठवेल. घर नसलं तरी गल्ली आहे. शाळेची वाट आहे. खासबाग, वडगावकडच्या गल्ल्यांत अजून मागांचा आवाज येतो, शहापुरी साडी तिथलीच. संध्याकाळी गाडी बाहेर लावा आणि आईंना पुढं चालू द्या, तुम्ही मागं राहा. मग कपिलेश्वराला जा, जुनी माणसं त्याला दक्षिण काशी म्हणतात. तिथं पोचायचा रस्ता त्या तुम्हाला दाखवतील, फोन खिशात ठेवा.

कोथरूडची लेक

गुरुजी, आईला विचारलं. म्हणाली, आजोबा खरंच "बेळगावात जातो" म्हणायचे, आणि आम्हा मुलींना वाटायचं की ते फार लांब गेलेत.