शेलू-वांगणीचं घर घ्यावं का? आणि परळची जमीन गेली कुठे?

रिंगखात्याची लेक
नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितेय, पण नीट वाचून सांगा. बाबा लोअर परळच्या गिरणीत रिंग खात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात होते. ८२ च्या संपानंतर गिरणी परत सुरू झाली तेव्हा त्यांना आत घेतलंच नाही, मग कुठे वॉचमन, कुठे हमाली, मिळेल ते करून आम्हा भावंडांना शिकवलं. गिरणी कामगारांना सरकारकडून मिळणाऱ्या घराचा फॉर्म त्यांनी स्वतः भरला होता, लॉटरीत नाव लागायच्या आधीच गेले, आता आई वारस. हल्ली जो तो सांगतोय की शेलू-वांगणीला साडेनऊ लाखात घर मिळतंय, संमती देऊन टाका नाहीतर हक्क जाईल. आईचं सगळं आयुष्य परळला गेलं, औषधपाणी केईएमला चालू आहे, ती म्हणते मला त्या कर्जत लायनीला नेऊन टाकू नका.
मला दोन गोष्टी विचारायच्यात. गिरण्यांच्या जमिनीचा तिसरा हिस्सा घरांसाठी असं लहानपणापासून ऐकत आलो, मग ती जमीन गेली कुठे? आणि संमती द्यावी की थांबावं?

परळगावचा
ताई, आधी थोडं मागचं सांगतो कारण नवीन पिढीला वाटतं गिरणगाव म्हणजे मॉल आणि टॉवरच. पहिली कापड गिरणी १८५४ साली ताडदेवला उभी राहिली आणि मग भायखळा, लालबाग, परळ, वरळी, शिवडीपर्यंत भोंग्यावर चालणारी वस्ती झाली. कोकण, सातारा, कोल्हापूरकडचे गडी आले ते बायकापोरं गावी ठेवून. आमच्या चाळीत एका गावची अशी खोली होती, दहा बाय बाराची, भिंतीला ओळीनं खिळे आणि प्रत्येक खिळ्याला एकाची पिशवी, तिसरी पाळी सुटून माणसं आली की पहिल्या पाळीची उठून गेलेली असायची, त्याच जागेवर यांची वळकटी पडायची. जेवण खानावळवालीकडे, पैसे पगाराला. त्या बायकांच्या कष्टावर गिरण्या चालल्या हे कोणी लिहीत नाही, १९७५ ला प्रेमा पुरवांनी त्यांनाच एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं.
१८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते डॉक्टर दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप अधिकृतपणे मागे असा कधी घेतलाच नाही. मालकांना तोवर कळून चुकलं होतं की कापडापेक्षा खालची जमीन जास्त मोलाची आहे. तुमच्या बाबांसारखी हजारो माणसं अशीच रस्त्यावर आली.

नकाशावाचक
जमीन कुठे गेली ते मी सांगतो, हे प्रत्येकाला तोंडपाठ असायला पाहिजे असं माझं मत आहे. मुंबईत गिरण्यांची जमीन साधारण ६०० एकर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ नंबरचा नियम आला, ढोबळमानाने सांगायचं तर गिरणीची जमीन विकायची किंवा विकसित करायची असेल तर एक हिस्सा महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. १९९६ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरियांच्या समितीनेही या जमिनींचा एकत्रित विचार करून आराखडा दिला होता.
आणि मग २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी पूर्ण जमिनीची नाही, फक्त जी आधीपासून मोकळी आहे तेवढ्याचीच. आता समजा गिरणी दहा एकरांत आहे आणि त्यातल्या आठ एकरांवर शेड, गोदाम, चिमणी उभी आहे, तर वाटणीला उरले दोनच एकर, शेड पाडून जी आठ एकर मोकळी होणार ती मालकाचीच. गिरण्या सगळ्या बांधकामाने भरलेल्या, त्यामुळे म्हाडाच्या हाती तुकडेच आले. पर्यावरणवाल्या संस्थेने जनहित याचिका केली, २००५ ला हायकोर्ट लोकांच्या बाजूने गेलं, पण मार्च २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने २००१ चा बदल कायम ठेवला. त्याच काळात सरकारी मालकीच्या एनटीसीने, म्हणजे नॅशनल टेक्स्टाइल कॉर्पोरेशनने गिरण्या विकायला काढल्या, एकट्या मुंबई टेक्स्टाइल मिलची १७ एकर ७०२ कोटींना गेली. खासगी मालकाने केलं तर समजतं, पण ही तर सरकारचीच जमीन होती, तिथे तरी कामगारांची घरं व्हायला हवी होती की नाही?

साधासरळ
राग मानू नका, मनापासून विचारतोय. अर्ज पावणेदोन लाखाच्या घरात आहेत. एवढ्यांना मुंबईत घर द्यायला जागा आणायची कुठून? वांगणीला का होईना स्वतःचं घर मिळतंय तर घ्यावं असं मला वाटतं. माझे आईवडील बदलापूरला राहून नोकरी करून निवृत्त झाले.

नकाशावाचक
@साधासरळ प्रश्न योग्य आहे, पण आतापर्यंत मिळाली किती बघा ना. २०१२ च्या लॉटरीत ६,९२५, २०१६ ला म्हाडाची २,६३४ आणि पनवेलजवळ कोनची २,४१७, २०२० ला बॉम्बे डाइंग आणि श्रीनिवास मिलची ३,८९४. बेरीज सोळा हजाराच्या आत! त्यातही कोनची इमारत करोनात विलगीकरणाला घेतली, नंतर दुरुस्ती, लोकांना चाव्या मिळायला वर्षं गेली. जागा नव्हती असं नाही हो, जागा होती तेव्हा नियम बदलला आणि आता म्हणायचं जागा नाही. आणि नोकरदार माणसाने स्वतः बदलापूर निवडणं वेगळं आणि सत्तरीपुढच्या विधवेला तिथेच जा नाहीतर विसरा म्हणणं वेगळं.

बीआयटी चाळ
रिंग खातं वाचून लिहावंसं वाटलं. गिरणगावात सगळे एकाच ताटात जेवत होते असं आपण कौतुकाने सांगतो पण ते पूर्ण खरं नाही. विणकाम खात्यात धाग्याचं टोक तोंडाने ओढून धोट्यात (मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनात) घ्यावं लागायचं, म्हणून शिवाशिवीच्या नावाखाली दलितांना तिथे येऊ देत नसत, त्यांच्या वाट्याला रिंगसारखी कमी पगाराची खाती, आणि विणकामात पगार जास्त. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न लावून धरला. ते स्वतः कितीतरी वर्षं परळच्या बीआयटी चाळीत राहिले, कामगारांच्यातच. बीडीडी चाळीतसुद्धा कुठल्या चाळीत कोण याची वाटणी जातीवरून पडलेली होती. त्यामुळे आज घरं वाटताना कोणाला आधी, कोणाला कुठे हे उघड यादीने व्हावं, ओळखीपाळखीने नको, एवढं मला आग्रहाने सांगायचंय.

रिंगखात्याची लेक
खूप खूप आभार सगळ्यांचे. आईला वाचून दाखवलं, खानावळीचं ऐकून ती बराच वेळ बोलत होती, आमच्याकडेही डबे असायचे. पण संमतीचं अजून कळत नाहीये.

परळगावचा
ताई, १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयात १७ नंबरचं कलम आलं, दिलेलं घर नाकारलं तर हक्क जाईल ही भीती त्यातूनच आलीय, आणि ते रद्द करा हीच मुख्य मागणी घेऊन जुलै २०२५ मध्ये सगळ्या संघटना आझाद मैदानावर बसल्या होत्या. दत्ता इस्वलकरांनी १९८९ पासून गिरणी कामगारांचा हा लढा चालवला, ते २०२१ मध्ये गेले, पण माणसं अजून थांबलेली नाहीत. तुम्ही एकट्याने घाईत सही करू नका, आधी कामगार संघटनेच्या ऑफिसात जाऊन आत्ताची परिस्थिती विचारा, एजंटला एक रुपयासुद्धा देऊ नका. वांगणीला पावसाळ्यात एकदा स्वतः जाऊन या, २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली ती बदलापूर-वांगणीच्या मधेच. आणि कागद आत्ताच काढून ठेवा, लाल पास, तिकीट नंबर असलेली पगारपावती, ईएसआयचं कार्ड, पीएफ नंबर. १ जानेवारी १९८२ ला किंवा नंतर बाबा गिरणीच्या पटावर होते एवढं त्यातून दिसलं पाहिजे. वारस म्हणून आईंचं नाव म्हाडाकडे खरंच चढलंय का तेही तपासा, पुष्कळ जणांचं तिथेच अडतं.