झाडांमधलं लाकडी घर : कारखान्यातून तयार आणायचं की जागेवर उभारायचं?
(लेखी चर्चा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

उंबरठा
एका लहान लाकडी घराचा आराखडा सध्या हातात आहे. जागा उताराची, झाडांच्या मधली. माझं मत स्पष्ट आहे: अशा जागी घर बांधू नये, आणून ठेवावं. दोन मॉड्यूल्स, म्हणजे घराचे खोक्यासारखे अख्खे भाग, कारखान्यात पूर्ण करायची, अगदी वायरिंग, नळ, खिडक्यांसकट. मग ट्रकवरून न्यायची आणि जमिनीत पिळून बसवलेल्या लोखंडी स्क्रू पाइल्सवर (स्क्रूसारख्या खांबांवर) टेकवायची. खोदकाम नाही, महिनोन्‌महिने वाळूचे ढीग नाहीत, काँक्रीट मिक्सरचं पाणी उतारावरून ओहोळात जाणं नाही. पाइनसारखं लाकूड घनमीटरला साधारण ४५० ते ५०० किलो भरतं, काँक्रीट २४००. घर हलकं, म्हणून पायाही हलका. उद्या नको झालं तर पाइल्स उलटे पिळून काढता येतात.

विरोध जरूर करा. फक्त 'लाकूड टिकत नाही' एवढ्यावर थांबू नका, का टिकत नाही तेही लिहा.

करवत
माझं भांडण लाकडाशी नाही, खोक्यांशी आहे.

बहुतेक देशांत विशेष परवानगीशिवाय ट्रकवरच्या मालाची रुंदी अडीच मीटरच्या आसपासच चालते. बाहेरून अडीच मीटर धरा. दोन्ही बाजूंना इन्सुलेशन आणि बाहेरच्या फळ्यांसह वीस-वीस सेंटिमीटरच्या भिंती वजा करा. आत उरले दोन मीटर दहा. दोन मीटर लांबीचा पलंग आडवा टाकलात तर पायथ्याशी दहा सेंटिमीटर जागा राहते, तिथून मांजर जाईल फार तर. ही खोली तुम्हाला रस्त्याने ठरवून दिलीय, तुमच्या आराखड्याने नाही.

दुसरं म्हणजे क्रेन. तिला चारही पाय रोवायला सपाट, घट्ट जागा लागते. उतारावर ती कुठून आणणार? कापून. एका दिवसाच्या कामासाठी झाडं तोडायची, भराव टाकायचा आणि वर म्हणायचं की जमिनीला धक्का लागला नाही!

उंबरठा
करवत, रुंदीचा मुद्दा अर्धाच खरा आहे. दोन मॉड्यूल्स शेजारी ठेवली आणि मधल्या बाजू उघड्या सोडल्या की साडेचार मीटरची मोकळी खोली मिळते. तिथे तुळया जोडीने येतात, थोडं लाकूड जास्त जातं, मान्य. आणि क्रेन रस्त्याच्या टोकालाच उभी राहील, झाडांमध्ये येणार नाही. तिचा हात लांब असतो.

करवत
हात लांब असतो, पण लांब केला की ताकद जाते. पन्नास टनांची म्हणवणारी क्रेन तेवढा भार अगदी जवळ असतानाच उचलते. पंचवीस-तीस मीटरवर तिच्याकडून थोड्याच टनांची अपेक्षा ठेवा. न्हाणीघराच्या फरशा लावलेलं तयार मॉड्यूल त्यात बसतं का, बघा.

पागोळी
दोघेही उचलण्यावरच अडकलात. लाकूड मरतं ते पाण्याने. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणारी बुरशी धरत नाही. सगळी रचना या एका आकड्याभोवती फिरायला हवी.

नॉर्वेतलं बोर्गुंडचं लाकडी चर्च बाराव्या शतकाच्या अखेरचं आहे आणि आजही उभं आहे. त्याआधीच्या तिथल्या चर्चमध्ये खांब थेट जमिनीत पुरलेले असत, ते तळातून कुजले. बोर्गुंडचे खांब दगडांवर टेकवलेल्या आडव्या तुळयांवर उभे आहेत. लाकूड उघडं पडू नये म्हणून लाकडापासून काढलेल्या डांबराचा लेपही देत आले. बाकी जादू काही नाही.

आता उंबरठ्यांच्या घराकडे. दोन मॉड्यूल्सच्या छपरांमधली सांधरेषा म्हणजे पाण्याला आमंत्रण. तिथे रबराची पट्टी आणि सीलंट लावून 'झालं' म्हणणारे भेटतात. मी म्हणेन, वर दोन्हींना झाकणारं एकच उतरतं छप्पर जागेवरच चढवा. वळचण भरपूर बाहेर काढा, म्हणजे पागोळ्या भिंतीपासून लांब पडतील. बाहेरच्या फळ्यांमागे दोन-अडीच सेंटिमीटरची पोकळी हवी, खाली-वर उघडी. फळीमागे शिरलेलं पाणी तिथून खाली उतरतं आणि वारा उरलेलं सुकवतो. फळीचं कापलेलं टोक पाणी सगळ्यात जास्त ओढतं, म्हणून खालच्या टोकाला तिरका काप द्या आणि ते टोक रंगात नीट भिजवून घ्या. चित्रात हे दिसत नाही म्हणून कोणी काढत नाही.

थोडक्यात, 'कारखान्यात पूर्ण झालं' हे छपराच्या बाबतीत तरी खरं नसतं.

उंबरठा
एकसंध छपराचं पटलं. पण म्हणूनच तर कारखाना! लाकूड कोरडं असतानाच भिंत बंद होते. जागेवर उभारायला घेतलं की अर्धी चौकट पावसात उभी असते.

पागोळी
आणि वाटेत प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेलं मॉड्यूल आतून घामेजतं, त्याचं काय? आवरण वाफ बाहेर सोडणारं हवं. कोरडी भिंत बंद करणं चांगलं, ओली भिंत बंद करणं हा गुन्हा.

ठिणगी
आगीबद्दल अजून कुणीच बोललेलं नाही. जाड लाकूड पेटतं ते संथ आणि अंदाज बांधता येईल असं, मिनिटाला साधारण ०.६५ ते ०.७ मिलिमीटर. म्हणजे अर्ध्या तासात एका बाजूने दोन सेंटिमीटर कोळसा होतो आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला वाचवतो. जाड तुळईची मला भीती नाही.

वणव्यात घरं पेटतात ती बहुतेक वेळा उडून आलेल्या निखाऱ्यांनी. तुमचं घर पाइल्सवर अधांतरी. खाली वाऱ्याने वाळका पाला साठणार, वर लाकडी डेक. एक निखारा पुरे. पागोळींच्या चर्चसारखं घर जमिनीपासून उचललेलं, पाण्यासाठी ते बरोबरच आहे. पण खालची पोकळी धातूच्या बारीक जाळीने बंद करा. भिंतीपासून किमान दीड मीटर खडी, झुडूप नाही, सरपण नाही. भिंतीला टेकलेल्या फांद्यांचे सुंदर फोटो जिथे वणवा लागतो तिथे विसरा.

पागोळी
जाळीला हरकत नाही, हवा खेळली पाहिजे. आणि खाली वाकून बघता आलं पाहिजे, कारण वाळवी मातीचे बोगदे करत पाइलवरून चढते. पाइलच्या डोक्यावरची धातूची टोपी तिला मारत नाही, फक्त उघड्यावरून वळसा घ्यायला लावते. बोगदा दिसला तरच उपयोग. बोरेटची (कीड आणि बुरशी रोखणाऱ्या क्षाराची) प्रक्रिया आतल्या लाकडाला चांगली. पावसात उघड्या असलेल्या लाकडातून ते हळूहळू धुऊन जातं.

रानवाट
सगळे जण घर कसं न्यायचं यावर बोलताहेत. न्यावं का, हे कुणी विचारत नाही. लाकडाच्या कोरड्या वजनात निम्मा कार्बन असतो हे खरं, पण तो घर उभं असेपर्यंतच अडकलेला. कुजलं, जळलं की परत हवेत. घर अलगद टेकवलंत, पण आत माणसं राहणार ना? रात्रीचा उजेड, गाडीची वाट, कुत्रा, सांडपाणी. पाइल्स काढता येतात, पण वाट एकदा पडली की तिच्या कडेने दुसरं घर येतं. माझं मत, मोकळी जागा मोकळी ठेवा आणि आधीच्या वस्तीच्या कडेला बांधा.

उंबरठा
रानवाट, जागा आधीच वापरातली आहे, वाटही आहे. तरी तुमचा आक्षेप मी उडवून लावत नाही.

करवत
इतिहास बघा. अमेरिकेत टपालाने माल विकणाऱ्या सिअर्स कंपनीने १९०८ ते १९४० या काळात घरांचे सुटे भाग विकले. कापलेलं, खुणा केलेलं लाकूड रेल्वेने यायचं आणि घर जागेवर उभं राहायचं. अशी सत्तर हजारांच्या आसपास घरं गेली, असा अंदाज आहे. उलट ग्रोपियस आणि वाक्समान या वास्तुरचनाकारांनी १९४०च्या दशकात लाकडी पॅनेल्सची, म्हणजे भिंतींच्या तयार सपाट तुकड्यांची, अतिशय देखणी पद्धत काढली, सांधा तर अप्रतिम. पण घरं दोनशेही झाली नाहीत. सांधा जितका 'परिपूर्ण', तितकी जागेवर तडजोडीला जागा कमी.

उंबरठा
ग्रोपियस यांचं अपयश पैशाचं आणि बाजाराचंही होतं, सगळं सांध्यावर ढकलू नका. आणि आजचं स्वीडन? तिथली बहुतांश स्वतंत्र घरं कारखान्यातूनच येतात.

करवत
येतात, पण त्यात मोठा वाटा भिंतींच्या तयार पॅनेल्सचा. ट्रकवर उभी रचून. नेमकं मी म्हणतो तेच, खोकी नकोत, सुटे भाग न्या आणि जागेवर जोडा!

उंबरठा
ठीक आहे, मधला प्रस्ताव ठेवतो. न्हाणीघर आणि स्वयंपाकघराची पाण्याची भिंत, एवढंच एक छोटं मॉड्यूल कारखान्यात पूर्ण. बाकी भिंती, जमीन पॅनेल्समध्ये. छप्पर जागेवर, एकसंध. नळजोडण्या कारखान्यातच तपासून येतील, तो फायदा मी सोडणार नाही.

करवत
चालेल, पण सगळ्यात जड तुकडा तोच ठेवलात. वजन काढा आणि रस्त्याच्या टोकापासूनचं अंतर मोजा. क्रेनवाल्याचा भार-तक्ता (किती अंतरावर किती वजन उचलेल ते) हातात येईपर्यंत घराची जागा पक्की करू नका.

रानवाट
सांडपाण्याचं उत्तर राहिलं.

उंबरठा
शोषखड्डा उताराच्या खालच्या अंगाला, ओहोळापासून दूर. त्याआधी मातीत पाणी किती वेगाने मुरतं याची चाचणी करायचीय. ती नापास झाली तर घर वरच्या टप्प्यावर सरकेल, म्हणजे रस्त्याच्या जवळ, आणि मग करवतांची क्रेनही पोहोचेल.