आठ महिने झाले, अजून यमनच?

मुलगी आठ महिने संगीत विद्यालयात जातेय. अलंकार, म्हणजे स्वरांचे पलटे, आणि यमन रागाची एकच बंदिश, बस्स. सर पुढे सरकतच नाहीत. पूर्वीही असंच शिकवायचे का?

— पूर्वी याहून कठीण होतं हो! गुरूच्या घरी राहायचं, पडेल ते काम करायचं, आणि गाणं कधी मिळेल ते त्यांच्या मर्जीवर. गायक विष्णु दिगंबर पलुस्कर स्वतः मिरजेला गुरू बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे तसेच शिकले. पण १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते अभ्यासक्रम, छापील पुस्तकं, परीक्षा असं सगळं ठरवून.

— परीक्षांचं कौतुक पुरे. प्रवेशिका ही सुरुवातीची परीक्षा झालेली कितीतरी मुलं तंबोऱ्याबरोबर सा लावताना चाचपडतात. मी शिकवते, म्हणून सांगते: यमनात तीव्र मध्यम, म्हणजे चढा म, घेताना मुलं हळूच पुढच्या पंचमाला, म्हणजे प ला टेकतात. ती सवय सुटायला महिने जातात. आज तिला नुसतं ग, मग म असं गायला सांगा. म वर थांबवा आणि ऐका.

— ऐकलं. तीनदा थांबवलं, तीनदा पंचमावर गेली. सरांना फोन करणार होते, राहू दे.