शिवडीच्या सिमेट्रीतले सैनिक खरंच पुण्याला नेले का?

शिवडीकर:
रविवारी शेजारच्या आंटींच्या मातीला शिवडीच्या ख्रिश्चन सिमेट्रीत गेलो होतो, इतकी वर्षं इथे राहून पहिल्यांदाच आत गेलो. तिथे एक म्हातारे काका म्हणाले की पहिल्या महायुद्धातले गोरे सोल्जर इथेच पुरलेले होते पण नंतर सगळ्यांना पुण्याला नेलं. पुरलेली माणसं अशी नेतात का हो? तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये, कुणाला माहीत असेल तर सांगा प्लीज.

जुनी_मुंबई:
काका बरोबर सांगतायत. १९६२ मध्ये शिवडीतून ६२९ जणांचे अवशेष काढून पुण्यातल्या खडकीच्या वॉर सिमेट्रीत पुन्हा पुरले. शिवडीची जागा १८६५ ची, म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्डच्या काळातली, आधी तिथे बोटॅनिकल गार्डन होतं. महायुद्धात मेसोपोटेमियाच्या (आताच्या इराकच्या) आघाडीवरचे जखमी आणि आजारी सैनिक बोटीने मुंबईत यायचे, आपलं फोर्टमधलं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम तेव्हा नवंकोरं होतं ना, त्याचं तर मिलिटरी हॉस्पिटलच केलं होतं. त्या म्युझियमचा आर्किटेक्ट विटेट मात्र अजून शिवडीतच आहे, व्हीटी स्टेशनचा (आताचं सीएसएमटी) आर्किटेक्ट स्टीव्हन्स पण. आणि काका बॅप्टिस्टा, टिळकांचे साथीदार, त्यांची कबर बघितली नसेल तर पुन्हा जा.

खडकीवाली:
मी जाऊन आलेय, मुळा रोडला आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ कबरी आणि पहिल्या महायुद्धाचं वेगळं स्मारक, त्यावर १८०० हून जास्त नावं, त्यातच तुमचे शिवडीचे ६२९. ज्या सिमेट्रींमध्ये कबरींची देखभाल होणं शक्य नव्हतं अशा काही ठिकाणच्यांची नावं या स्मारकावर घेतलीत. रांगा इतक्या स्वच्छ ठेवल्यात आणि दगडावर वय वाचलं की पोटात तुटतं, एकवीस, बावीस, माझ्या मुलाएवढी पोरं.

खलाशाची_नात:
आपल्या माणसांबद्दलही बोला कुणीतरी. मसजिद बंदरच्या सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रात जीव गेलेल्या दोन हजारांहून जास्त खलाशांचं स्मारक आहे, त्यांना कबरच नाही तर हलवणार काय. माझे पणजोबा रत्नागिरीकडून बोटीवर लागलेले, ते परत आले, पण आजी सांगायची की त्यांच्याबरोबर गेलेल्यांपैकी दोघं आलेच नाहीत आणि घरच्यांनी कितीतरी वर्षं वाट बघितली.

शिवडीकर:
थँक्यू सगळ्यांना. मसजिद बंदर तर हार्बर लाईनवरच आहे, शनिवारी आधी तिथे जातो. ताई, त्या दोघांची नावं आजीने कधी सांगितली होती का? तिथे कुणाला तरी विचारून बघतो.