मदत हवी आहे: डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) पार्टीत शोधाशोध आणि लढाई यांचा मेळ कसा बसवावा?

नमस्कार मंडळी,

आम्ही चार खेळाडू आणि एक डीएम (खेळ चालवणारी) रविवारी दुपारी जेवणं उरकली की डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे पात्रं घेऊन फाशांवर खेळायचा खेळ, खेळायला बसतो. पाचवी आवृत्ती, २०१४चे नियम. सध्याची मोहीम तिसऱ्या लेव्हलवर संपत आली आहे. दिवाळीनंतर पहिल्या लेव्हलपासून नवी सुरू करायची आहे, आणि त्याआधी पार्टी (आमच्या चार पात्रांची टोळी) नीट ठरवावी असं मला मनापासून वाटतंय.

आत्ता आमच्यात फायटर आणि बार्बेरियन (दोघं लढवय्ये), लाइफ डोमेनची क्लेरिक (जखमा भरणारी पुजारीण) आणि मी रोग (rogue, चोरपावलांची). शोधाशोधीचं सगळं काम माझ्याच गळ्यात. पुढे जाऊन बघायचं मी, सापळा हुडकायचा मी, कुलूप उघडायचं मी. मागच्या खेळात एका पडक्या मनोऱ्यात मी एकटी वर गेले. जिना कुठे खचलाय, दाराखालून उजेड येतोय का, आत कोणी बोलतंय का, सगळं डीएम आणि मी दोघीच बोलतोय. बाकीचे तिघं शेंगदाणे खात बसलेले. बार्बेरियनवाल्याने शेवटी मोबाइल काढला. त्याला बोल लावणार नाही, त्याला करण्यासारखं काही नव्हतंच.

लढाई सुरू झाली की नेमकं उलटं. ते दोघं पुढे होऊन हाणामारी करतात आणि माझा जेमतेम एक वार. आमच्याकडे लपून मारलं तरच स्नीक अटॅक (रोगचा जादा नुकसान करणारा वार) धरतात, आणि उघड्या दालनात लपायला आडोसा कुठून आणायचा?

तर प्रश्न असा, की चौघांनाही दोन्हीकडे काम मिळेल अशी वाटणी कशी करावी? रोग न घेता भागेल का? मला रेंजर (रानातला शिकारी-लढवय्या) घ्यावासा वाटतोय. बाकीच्यांना भीती आहे की स्किलच्या (हुडकणं, दबकणं अशा कौशल्यांच्या) मागे लागलं तर लढाईत मार खाऊ. ती कितपत खरी?

प्रतिसाद १

आधी स्नीक अटॅकचं बघा, कारण तिथे तुमच्यावर अन्याय होतोय. लपणं ही अट नाहीच. ज्याला मारताय त्याच्यापासून ५ फुटांत तुमचा साथीदार शुद्धीवर उभा असेल आणि तुमच्या वारावर डिसअ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून कमी आकडा धरणं) नसेल, तर पाळीत एकदा स्नीक अटॅक मिळतो. शस्त्र फक्त फिनेसचं (चपळाईने चालवायचं) किंवा लांबून मारायचं हवं. तिसऱ्या लेव्हलला म्हणजे २डी६ (दोन सहा-बाजूंच्या फाशांइतकं) नुकसान जादा. पुढे दोन दांडगे उभे असताना तो जवळजवळ प्रत्येक पाळीत मिळायला हवा. पुस्तकातला रोगचा भाग डीएमसोबत बसून वाचा.

आता भीतीचं. स्किल क्लासमधून (फायटर, रोग वगैरे) आणि बॅकग्राउंडमधून (पात्राचं पूर्वायुष्य) मिळतात, त्यासाठी लढाईतलं काही द्यावं लागत नाही. खरी ओढाताण असते अ‍ॅबिलिटी स्कोअरमध्ये (ताकद, चपळाई, शहाणपण अशा गुणांचे आकडे). १५, १४, १३, १२, १०, ८ एवढेच आकडे हातात. म्हणून लढाईत जी अ‍ॅबिलिटी लागणारच आहे, तिच्यावर चालणारी स्किल घ्या. क्लेरिकचं विज्डम (शहाणपण) तसंही चांगलं असतं, तर इनसाइट (माणूस ओळखणं) तिच्याकडे द्या. परसेप्शन (आजूबाजूचं टिपणं) तिच्या क्लासच्या यादीत नाही, ते सेलर (खलाशी) बॅकग्राउंडमधून येतं.

रोगशिवाय आरामात भागतं. (वंशाच्या बोनससह) डेक्स्टेरिटी, म्हणजे चपळाई, १६ असलेल्या रेंजरला अर्चिन (रस्त्यावरचं पोर) बॅकग्राउंड दिलं की थीव्ह्ज टूल्स (कुलूप उघडायची हत्यारं) आलीच. पहिल्या लेव्हलला त्याचं बोनस +५. डीसी १५ असलेलं (वीस-बाजूंच्या फाशाचा आकडा आणि बोनस मिळून १५ लागणारं) कुलूप ५५ टक्के वेळा उघडेल. एक्सपर्टाइज (खास प्रावीण्य) घेतलेल्या रोगचं +७, म्हणजे ६५ टक्के. पण क्लेरिकने आधी गायडन्स (चार-बाजूंचा फासा जादा देणारी छोटी जादू) दिलं तर रेंजर साडेसदुसष्ट टक्क्यांवर जातो. शिवाय कुलूप उघडताना दोघी गुंतलेल्या असतात, एकटी नाही. पुढच्या लेव्हलना एक्सपर्टाइजची आघाडी वाढत जाते हे खरं, पण सुरुवातीला त्यासाठी अडून बसू नका.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. मला वाटतं तुमचं अर्धं दुखणं पार्टीच्या रचनेत नाही, खेळवण्यात आहे. प्रवासाचे नियम वापरता का? चालताना जो वाट काढतो, नकाशा काढतो, माग काढतो किंवा अन्न गोळा करतो, त्याचं पॅसिव्ह परसेप्शन (फासा न टाकता धरलेलं सावधपण) धोका ओळखायला धरत नाहीत. म्हणजे कामं वाटावीच लागतात. नकाशा खरोखर कागदावर काढायला लावा, आणि तो बार्बेरियनवाल्याच्या हातात द्या. आमच्याकडे याने फार फरक पडला.

एकटीने पुढे जाणं बंद करा. चौघं मिळून दबकत जायचं असेल तर ग्रुप चेक (सगळ्यांनी एकाच कामासाठी फासा टाकणं) घ्या, निम्मे पास झाले की सगळे पास. चेन मेलमुळे (कड्यांच्या चिलखतामुळे) फायटरला डिसअ‍ॅडव्हान्टेज असलं तरी पार्टी अडकत नाही. बार्बेरियनला दुसऱ्या लेव्हलला डेंजर सेन्स मिळतं, दिसणाऱ्या सापळ्यांपासून वाचायला डेक्स्टेरिटी सेव्हवर (बचावाच्या फाशावर) अ‍ॅडव्हान्टेज (दोन फाशांतला मोठा आकडा). मग सापळ्याच्या वाटेवर तोच पुढे हवा. आणि मशाल किंवा लाइट कॅन्ट्रिप (उजेड पाडणारी साधी जादू) विसरू नका. डार्कव्हिजन (अंधारात दिसण्याची क्षमता) असूनही मिट्ट काळोखात पॅसिव्ह परसेप्शन ५ ने घसरतं, हे फार जण लक्षातच घेत नाहीत.

धागाकर्ती

दोघांचेही खूप आभार. स्नीक अटॅकचा नियम रात्रीच डीएमला दाखवला, तिने लगेच मान्य केलं. त्यामुळे चालू मोहिमेचे शेवटचे खेळ तरी मजेत जातील.

नव्या पार्टीत मी अर्चिन रेंजर, क्लेरिक सेलर, बार्बेरियन आउटलँडर (रानातून आलेला) म्हणजे सर्व्हायव्हल (रानात वाट काढण्याचं स्किल) त्याच्याकडे. वाट तो काढणार, आणि नकाशाही त्यालाच हवाय! पण दोन्ही कामं एकालाच दिली तर एक नीट होणार नाही, म्हणून नकाशा फायटरकडे जाईल बहुतेक.

एकच अडलंय. करिश्मा कोणाचाच धड नाही. गावात बोलणी करायला फायटरला १२ देऊन पर्सुएशन (समजूत घालण्याचं स्किल) घ्यावं, की फायटरऐवजी पॅलाडिनच (व्रतस्थ योद्धा) घ्यावा? पॅलाडिनला करिश्मा लढाईतही लागतो, म्हणून मला तोच बरा वाटतोय. पहिल्या लेव्हलपासून पॅलाडिन खेळलेल्या कोणी सांगेल का, दुसऱ्या लेव्हलपर्यंत स्पेल (जादू) नसताना त्याचं कसं निभतं?