दोन तारेचे अँटेना शेजारी बसवायचे: आधी नेक-२ (संगणकावरचं सिम्युलेशन), की थेट व्हीएनए (मोजणीचं यंत्र)?

तारवाला_कोथरूड:
पुण्यात शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टांत ८६६ मेगाहर्ट्झची दोन लोरा (लांब पल्ल्याच्या रेडिओची) मॉड्यूल एकाच डब्यात बसवतात. अँटेना एकेकटा तपासतात, मग दोन्ही शेजारी आले की ट्यूनिंग सरकतं. माझं ठाम मत: तपकीर गल्लीत तार घ्यायला जाण्याआधी दोन्ही अँटेना एकाच नेक-२ फाइलमध्ये घाला. नेक-२ चालवणारं फोरनेक२ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. तरंगलांबी ३४.६ सेंमी, म्हणजे डायपोल (मध्यावर सिग्नल दिलेली, सुमारे अर्ध्या तरंगलांबीची सरळ तार) साधारण १६.४ सेंमीचा. तार १ मिमी व्यासाची असली तरी फाइलमध्ये त्रिज्या द्यायची असते, ०.०००५ मीटर. सेगमेंट, म्हणजे हिशोबासाठी केलेले तारेचे तुकडे, २१ ठेवा. संख्या विषम असली की सोर्स बरोबर मध्यावर येतो. मग अंतर ३ सेंमीपासून २० सेंमीपर्यंत वाढवत जा.

धायरी_आरएफ:
साफ असहमत. त्या डब्यात डायपोल नसतोच. असते ८ सेंमीची पाव-तरंग तार, आणि ग्राउंड म्हणून ५ सेंमीचा बोर्ड. बोर्ड अपुरा पडला की प्रवाह यूएसबी केबलवर आणि बॅटरीच्या तारांवर पसरतो. ते सगळं मॉडेलमध्ये नसेल, तर उत्तर दुसऱ्याच अँटेनाचं मिळतं. शिवाय नेक-२ ला तारेवरचं पीव्हीसी आवरण कळत नाही. त्याने अनुनादाची वारंवारता २ ते ५ टक्के खाली येते. स्प्रिंग अँटेनाची वेटोळी चिकटून असतील तर आणखी पंचाईत. तारेच्या परिघाभोवती प्रवाह सारखा आहे हे नेकचं गृहीतकच तिथे मोडतं. तार कापा, व्हीएनएच्या दोन पोर्टवर मोजा.

सेगमेंट_२१:
बाजू नंतर घेऊ, आधी पद्धतीतली चूक. दुसऱ्या अँटेनाची तार नुसती अखंड ठेवली, तर नेकसाठी त्याचा फीड (सिग्नलची जोडणी) शॉर्ट असतो. तो रिसीव्हर राहत नाही, यागी अँटेनातल्या जोडणी नसलेल्या रिफ्लेक्टर दांडीसारखा वागतो. खरा रिसीव्हर हवा असेल तर मधल्या सेगमेंटवर एलडी कार्डाने (फाइलमधल्या लोडच्या ओळीने) ५० ओहम लावा.

पण शॉर्टचा उपयोगही आहे. पहिल्याला १ व्होल्ट द्या, दोन्हींच्या मधल्या सेगमेंटचा प्रवाह वाचा. वाय-११ आणि वाय-२१ (पहिल्याचा स्वतःचा आणि दोघांमधला अॅडमिटन्स) हातात येतात. दोन्ही अँटेना एकसारखे असतील तर एवढ्यावर मॅट्रिक्स उलटा करून झेड-२१ (दोघांमधला परस्पर इम्पीडन्स) काढता येतो. पडताळा म्हणून अर्ध्या तरंगलांबीचे दोन समांतर डायपोल अर्ध्याच तरंगलांबीवर ठेवा. पुस्तकी उत्तर −१२.५ − जे२९.९ ओहम आहे. तुमचं त्याच्या आसपास आलं नाही, तर फाइल तपासा, पुढे जाऊ नका.

आणि सेगमेंट वाढवले की अचूकता वाढते हा समज सोडा. २१ सेगमेंटला लांबी ७.८ मिमी, म्हणजे त्रिज्येच्या १५ पट. १०१ केले की जेमतेम ३ पट. नेकच्या साध्या कर्नलला (बारीक तारेच्या मूळ सूत्राला) निदान ८ पट लागते.

तारवाला_कोथरूड:
एलडी कार्ड राहिलंच, मान्य. स्प्रिंगबद्दलही मान्य. पण बोर्ड तारांच्या जाळीने आणि केबल एका लांब तारेने मॉडेलमध्ये आणता येते. जोड मात्र सेगमेंटच्या टोकालाच हवा. मध्येच छेदणाऱ्या तारा नेक जोडत नाही, आणि चूक दाखवतही नाही. मोजणी एका मांडणीचंच उत्तर देते. दहा अंतरं तपासायला दहा डबे करणार का?

धायरी_आरएफ:
डबे कशाला? फोमच्या पट्टीवर तारा सरकवता येतात. साधा नॅनोव्हीएनए (छोटा, स्वस्त व्हीएनए) ३०० मेगाहर्ट्झच्या वर हार्मोनिकवर (मूळ वारंवारतेच्या पटीवर) चालतो, मोजणीची डायनॅमिक रेंज घटते, तरी −१५ डीबीचं कपलिंग (एका अँटेनातून दुसऱ्यात जाणारा सिग्नल) स्वच्छ दिसतं. कॅलिब्रेशन केबलच्या टोकाशी करा. मग केबल मुठीत धरा. आकडा हलला तर केबलही अँटेना झाली आहे. मॉडेलमधल्या लांब तारेला ही केबल नेमकी कुठून, कशी वळते ते कोण सांगणार?

सेगमेंट_२१:
तेच शोधायला दोन्ही वापरा. एक अँटेना ९० अंश फिरवा, मध्यबिंदू समोरासमोर ठेवा. नुसत्या दोन डायपोलच्या मॉडेलमध्ये सममितीमुळे कपलिंग शून्याला टेकतं. टेबलावर जे उरतं, त्यात मुख्य वाटा बोर्ड आणि केबलचा. उरलेलं −३० डीबीच्या खाली असेल तर मॉडेलवर अंतर ठरवा; −१५ च्या आसपास असेल तर आधी केबलवर फेराइट (बाहेरचा प्रवाह अडवणारा मणी) चढवा. फेराइटचं मिक्स ६१ घ्या, ३१ इतक्या वरच्या वारंवारतेला फारसा उपयोगी पडत नाही.