मदत हवी आहे : अपिलाचा लेखी युक्तिवाद सोमवारी द्यायचाय, नमुना आहे का?

बांधकरी
सोमवारी तारीख आहे. जज्जसाहेब म्हणाले, लेखी युक्तिवाद द्या, तोंडी थोडक्यात ऐकतो. वकील म्हणतात मुद्दे तुम्हीच काढून आणा. चाळीस पानं लिहून नेली तर म्हणाले, एवढं कोण वाचणार? तयार नमुना असेल तर टाका. लवकर.

माजी_शिरस्तेदार
दिवाणी की फौजदारी? जिल्हा न्यायालय की उच्च? अपील तुमचं की समोरच्याचं? माप न देता सदरा शिवायला टाकलाय तुम्ही.

बांधकरी
दिवाणी, लातूर जिल्हा. रस्त्याचा दावा. खाली हरलो म्हणून तर अपील. नमुना?

गणूभाऊ
रस्त्यासाठी कोर्टात कशाला गेलात? तहसीलदाराकडे जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली अर्ज टाकायचा. माझ्या मेव्हण्याला बांधावरून रस्ता मिळाला.

बांधकरी
अहो, रस्ता आम्हाला नकोय! शेजाऱ्याला हवाय, आमच्या शेतातून.

वकीलीणबाई
नमुन्याच्या मागे लागू नका. पहिल्या अपिलात पुरावाही नव्याने तपासता येतो. पुढे उच्च न्यायालयात, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 100 खालच्या दुसऱ्या अपिलात कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच ऐकतात, म्हणजे पुराव्यावर भांडायचं ते इथेच. निकालपत्राचा कोणता परिच्छेद चुकला, कोणत्या निशाणीवरून (म्हणजे पुराव्यातल्या कागदाच्या नंबरावरून), एवढंच लिहा. सहा-सात पानं पुरे. अपील मेमोत, म्हणजे अपील दाखल करतानाच्या अर्जात, नसलेला मुद्दा कोर्टाच्या परवानगीशिवाय मांडता येत नाही, तेही बघा. आणि स्थगिती घेतलीत का? नुसतं अपील दाखल केल्याने खालच्या कोर्टाचा हुकूमनामा थांबत नाही.

बांधकरी
स्थगिती आहे, सांगायचं राहिलं. नाहीतर त्यांचा ट्रॅक्टर तुरीतून गेला असता.

फडाफडा
लेखी-बिखी सोडा. जज्ज मधेच अडवून विचारतात, तिथे बोलता आलं पाहिजे. माझं अपील मी पाच मिनिटांच्या बोलण्यावर जिंकलोय.

वकीलीणबाई
बोललेलं हवेत जातं हो. निकाल लिहायला बसतात तेव्हा टेबलावर कागदच असतो.

फडाफडा
वकिलांना पानं वाढवायचीच असतात.

वकीलीणबाई
चाळिसाची सात करायला मीच सांगितलं ना?

पंचगंगाकाठ
हरलात तरी मुंबईला हेलपाटे नकोत आता. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय.

माजी_शिरस्तेदार
ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गासाठी. लातूरकरांना औरंगाबाद खंडपीठच. आणि ते हरलेत कुठे अजून?

बांधकरी
विषय भरकटतोय. एक विचारतो. उलटतपासात शेजारी म्हणतो, "हे खरे आहे की, 2009 सालापर्यंत आम्ही दक्षिणेकडील पांदणीने जात-येत होतो." याचा काही उपयोग? मी पान 31 वर टाकलंय.

माजी_शिरस्तेदार
दावा कधीचा? आणि हक्क कशावर सांगतोय?

बांधकरी
2017. वडिलोपार्जित वहिवाट म्हणतो.

माजी_शिरस्तेदार
अहो, मग एवढा वेळ काय सांगत होतात! वहिवाटीने हक्क मिळायला 20 वर्षं अखंड वापर लागतो, तोही दावा लावण्याआधीच्या दोन वर्षांच्या आत येऊन संपणारा. सुखाधिकार कायदा 1882, कलम 15. तुमच्या शेतातून त्याची आठच वर्षं होतात. 31 वरचं पहिल्या पानावर आणा, निशाणी आणि परिच्छेद टाकून, त्याच्याच शब्दांत.

वकीलीणबाई
काकांना दुजोरा. पण समोरचे म्हणतील, दोन्ही वाटा वापरत होतो. फेरतपासात, म्हणजे उलटतपासानंतर त्याच्याच वकिलाने पुन्हा विचारलं तेव्हा, त्याने काही सावरून घेतलंय का पाहा. गरजेचा रस्ता म्हणाले तर तीच पांदण दाखवा. वाट असताना गरज कसली? खालच्या कोर्टाने या कबुलीवर काय लिहिलंय?

बांधकरी
एक अक्षर नाही. फेरतपास झालाच नाही. पांदण आजही चालू आहे.

फडाफडा
हेच तोंडी पहिल्या मिनिटात बोला. बघा, मी काय म्हणत होतो!

वकीलीणबाई
मेमोत आहे का हा मुद्दा?

बांधकरी
मेमो वकिलांकडे. उद्या रविवार, ऑफिस बंद. घरी जाऊन गाठतो.

बांधकरी
गाठलं. मेमोत सहावा मुद्दा : "वादीच्या उलटतपासातील कबुलीकडे न्यायालयाने दुर्लक्ष केले." एवढी एकच ओळ आहे. चालेल?

वकीलीणबाई
चालेल. एक प्रत समोरच्या वकिलांना द्या आणि पोच घ्या.

गणूभाऊ
तरी 143 चं डोक्यात ठेवा.